मांजराचं जुनं पोट: गोळी रुपयाची, हिशेब हजारांचा

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषधांच्या दुकानात सगळ्यात स्वस्त मिळणाऱ्या औषधांपैकी एक आहे. किंमत सरकारी नियंत्रणाखाली असल्यामुळे ५ मिलिग्रॅमची गोळी रुपया-सव्वा रुपयाच्या आसपास पडते. वायसोलोन घ्या की ऑम्नाकॉर्टिल, फरक पैशांचाच. जनऔषधी केंद्रात त्याहून कमी. तरीही पोटाच्या जुन्या तक्रारीसाठी स्टेरॉइडवर असलेल्या मांजरामागे घरातून वर्षाला तीस-चाळीस हजार रुपये सहज जातात. गोळीचा वाटा त्यात शे-दीडशे रुपयांचा. बाकी सगळं तपासण्या, अन्न आणि देखरेख यांवर खर्च होतं.

औषध इतकं स्वस्त असणं हीच अडचण आहे. चार दिवस उलट्या झाल्या की स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, मांजर दुसऱ्या दिवशी ताटलीशी हजर, सगळे खूश. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. अशी सहा इंजेक्शनं झाल्यावर कुणीतरी बायोप्सीचं नाव काढतं, आणि तोवर स्टेरॉइडने आतड्याचं खरं चित्र पुसून टाकलेलं असतं. म्हणून खाली कशाला किती पैसे लागतात यापेक्षा कोणता पैसा आधी घालायचा आणि कोणता नंतर, यावर जास्त लिहिलं आहे. आकडे मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांतल्या खाजगी दवाखान्यांचा ठोकळ अंदाज आहेत. दोन गल्ल्यांत दुप्पट फरक असू शकतो, त्यामुळे आधी फोन करून विचारा. दर विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

केसांचा गोळा म्हणून किती दिवस सोडायचं

महिन्यातून एखाद्या वेळी केसांचा गोळा पडला तर काळजी नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा उलटी, तीन आठवड्यांहून जास्त टिकलेले जुलाब, खाऊनपिऊन घटणारं वजन, वाळूच्या ट्रेमध्ये शीबरोबर चिकट आव किंवा रक्त, यांपैकी काहीही असेल तर ती जुनी तक्रार धरायची. वजनाकडे विशेष लक्ष द्या, कारण लांब केसांच्या पर्शियनचं वाळणं डोळ्यांना दिसत नाही. बाथरूममधल्या काट्यावर मांजराला घेऊन उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम कमी होणं म्हणजे दहा टक्के. तुमच्या-आमच्या हिशेबात सहा-सात किलो.

दवाखान्यात जाण्याआधी पंधरा दिवसांची एक वही ठेवा: कधी उलटी, त्यात काय होतं (अन्न, फेस, पित्त, केस), शी कशी, काय खाल्लं. फोनवर फोटो काढून ठेवा, ते पाहायला किळसवाणे वाटले तरी. या वहीला खर्च शून्य, आणि डॉक्टरांना तिच्यातून जे कळतं ते पाचशे रुपयांच्या तपासणीतून कळेलच असं नाही. उलटी आहे की खोकला, हा प्रश्नसुद्धा पुष्कळदा व्हिडिओ पाहूनच सुटतो. मांजराचा दमा आणि उलटीची उबळ दिसायला फार सारखी असतात.

पहिली फेरी: तीन ते सात हजार

डॉक्टरांची फी ४०० ते ८०० रुपये. शीची तपासणी २०० ते ४०० रुपये. ही तपासणी टाळू नका आणि ताजा नमुना न्या, कारण जिआर्डियासारखे परजीवी जुन्या, वाळलेल्या नमुन्यात सापडत नाहीत. एका नमुन्यात काही दिसलं नाही तरी डॉक्टर जंताचं औषध देतील, तेही बरोबर आहे. ब्रीडरकडून आणलेलं कोवळं मांजर असेल आणि जुलाब थांबतच नसतील तर ट्रायट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा विचार करावा लागतो. तो साध्या तपासणीत बऱ्याचदा निसटतो, पीसीआर लागते.

रक्ताची पूर्ण तपासणी, त्यात यकृत-मूत्रपिंडाचे आकडे आणि साखर, १,५०० ते २,५०० रुपये. एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया या दोन विषाणूंची झटपट किट १,००० ते १,८०० रुपये. मांजर आठ-दहा वर्षांच्या पुढचं असेल तर थायरॉइडची टी-४ तपासणी ५०० ते १,२०० रुपये, कारण थायरॉइड वाढलेलं मांजरही भरपूर खातं, उलट्या करतं आणि वाळतं, आणि स्टेरॉइडने त्यातलं काहीच बरं होत नाही.

हे सगळं स्टेरॉइडच्या आधी का, असं विचाराल तर कारण सोपं आहे. मूत्रपिंडाचा आजार, विषाणू, सुप्त मधुमेह किंवा हृदयाचा आजार आहे का हे न बघता स्टेरॉइड दिलं तर तो आजार भडकतो. मग त्याच्या उपचाराला या फेरीच्या कित्येक पट पैसे लागतात.

कुठे पैसे घालू नयेत हेही सांगायला हवं. केस किंवा लाळ पाठवून पन्नास पदार्थांची 'अॅलर्जी' सांगणाऱ्या तपासण्या अन्नाच्या बाबतीत भरवशाच्या नाहीत. रक्ताच्या अॅलर्जी पॅनलवरही अन्नाचं निदान करता येत नाही. चार-सहा हजार रुपये देऊन एक रंगीत तक्ता हातात पडतो. तेवढ्या पैशात दोन महिन्यांचं खरं औषधी अन्न येतं, आणि अन्नाची अॅलर्जी ओळखण्याचा भरवशाचा मार्ग तेच अन्न खाऊ घालून बघणं हा आहे.

अन्नाची परीक्षा

जुन्या पोटाच्या तक्रारी असलेल्या मांजरांपैकी जवळपास निम्म्यांना नुसतं अन्न बदलल्यावर आराम पडतो. स्टेरॉइड लागतच नाही. म्हणून या एका टप्प्यावर कंजूषी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मांजराची अॅलर्जी बहुधा प्रथिनाला असते, आणि नेहमीचे आरोपी म्हणजे बीफ, मासे आणि चिकन. आपल्याकडे बाजारातलं बहुतेक स्वस्त कोरडं अन्न माशांच्या चवीचं. कोकणातल्या किंवा कोळीवाड्यातल्या घरात तर सुकट-बोंबील वेगळेच. मांजराने मासे सोडायचे म्हणजे काय, असं घरातली वडीलधारी माणसं विचारतील. पण जन्मभर जे खाल्लं त्यालाच शरीर उलटतं. कधी न खाल्लेल्या पदार्थाला उलटण्याचं कारण नसतं. 'ग्रेन-फ्री' लिहिलेली पिशवी या कामाची नाही, कारण तिच्यातून धान्य गेलं, चिकन राहिलं.

पर्याय दोन. पहिला, हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं औषधी अन्न. यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखता येत नाहीत. रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना या कंपन्यांचं असं अन्न डॉक्टरांमार्फत किंवा मोठ्या पेट शॉपमध्ये मिळतं. किलोला १,२०० ते १,८०० रुपये धरा. चार किलोच्या मांजराला दिवसाला ५५-६० ग्रॅम कोरडं अन्न पुरतं, म्हणजे महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास, दोन ते तीन हजार रुपये.

दुसरा पर्याय घरी शिजवण्याचा: त्या मांजराने कधीच न खाल्लेलं मांस, नुसतं पाण्यात उकडून. बदक किंवा ससा मिळाला तर ठीक, नाहीतर बोकडाचं मटण. लोकांना वाटतं हा स्वस्त मार्ग. दिवसाला सव्वाशे ग्रॅम मटण, किलोला ८०० रुपये, म्हणजे रोजचे १०० आणि महिन्याचे तीन हजार. पिशवीइतकेच, वर गॅस आणि कष्ट. शिवाय नुसत्या मांसात कॅल्शियम नाही आणि शिजवताना टॉरिन कमी होतं. टॉरिनच्या कमतरतेने मांजराचं हृदय आणि डोळे बिघडतात. परीक्षेपुरते काही आठवडे चालेल, कायमचं नाही. आणि कांदा-लसूण चिमूटभरही नको, मांजराच्या लाल पेशी त्याने फुटतात.

पोटाच्या तक्रारीत फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसतो. खाजेसाठी आठ आठवडे लागतात. या काळात त्या अन्नाशिवाय आणि पाण्याशिवाय काहीही तोंडात जाता कामा नये. दुधाची बशी नाही (मोठ्या मांजराला दूध तसंही पचत नाही), शेजारच्या काकूंचा माशाचा काटा नाही, ट्रीट नाही, चिकनच्या चवीची जंताची गोळी नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. अन्नाच्या परीक्षेत डोळे मिटणारी बहुतेक वेळा घरातली माणसंच असतात. परीक्षा फसण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. घरात दोन मांजरं असतील तर दोघांनाही तेच अन्न देणं किंवा वेगवेगळ्या खोल्यांत वाढणं, एवढेच मार्ग आहेत.

खरेदीच्या दोन गोष्टी. आधी लहानात लहान पिशवी घ्या आणि डॉक्टरांकडे नमुन्याचं पाकीट मागा. मांजराने तोंड फिरवलं तर अडीच हजारांची पिशवी भटक्यांना जाते. आणि पेट शॉपमधलं सुट्टं अन्न घेऊ नका. मोठं पोतं फोडून त्याच मापाने माशांचंही अन्न काढलेलं असतं. जुनं अन्न हळूहळू कमी करत पाच-सात दिवसांत बदल करा. मांजर हट्टाला पेटून दोन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते, जाडजूड मांजराला हा धोका जास्त. भूक लागली की खाईल, हे कुत्र्याच्या बाबतीत चालतं.

खाज असेल तर आधी पिसवा

पोटाबरोबर मान-पाठीवर बारीक खपल्या, पोटावरचे केस चाटून उडालेले, ओठावर फुगीर जखम, असं असेल तर बहुधा अॅलर्जी, पण अन्नाचीच असं नाही. ओल्या पांढऱ्या कागदावर मांजर विंचरा. पडलेले काळे कण पाण्याने तांबडे झाले तर ती पिसवांची घाण. मांजर इतकं चाटतं की पिसू स्वतः सापडेलच असं नाही. मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध महिन्याला ३०० ते ५०० रुपये, घरातल्या प्रत्येक प्राण्याला, किमान तीन महिने. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही टाकू नका, त्याने मांजर मरतं. पिसवा आणि अन्न या दोन्ही गोष्टी संपल्यावरच धूळ-परागाच्या अॅलर्जीकडे वळायचं. तिथे स्टेरॉइडला पर्याय म्हणून सायक्लोस्पोरिन आहे, बरंच महाग, पण मधुमेही मांजराला उपयोगी.

सोनोग्राफी आणि तो मोठा निर्णय

अन्न बदलूनही फरक नाही, तर पोटाची सोनोग्राफी: १,५०० ते ३,००० रुपये. जमलं तर मांजरांची नेहमी सोनोग्राफी करणाऱ्याकडेच करा. आतड्याच्या भिंतीचे थर मिलिमीटरमध्ये मोजायचे असतात, त्याला सरावाचा डोळा लागतो. आतापर्यंतचा निदानाचा खर्च पाच ते दहा हजारांच्या घरात गेला.

इथे दोन आजार समोर येतात: आतड्याचा दाह, ज्याला आयबीडी म्हणतात, आणि लहान पेशींचा लिम्फोमा, म्हणजे हळू वाढणारा कर्करोग. दोन्हींत आतड्याची भिंत जाड होते, दोन्हींत लक्षणं तीच, दोन्हींना प्रेडनिसोलोनने सुरुवातीला आराम पडतो. सोनोग्राफीवर त्यांच्यात फरक करता येत नाही, त्यासाठी बायोप्सी लागते. दुर्बिणीने केली तर १५ ते ३५ हजार, पोट उघडून केली तर साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त, वर पॅथॉलॉजीचे दोन-तीन हजार. दुर्बिणीत मांजराला टाके पडत नाहीत, पण ती लहान आतड्याच्या मधल्या भागापर्यंत पोचत नाही, आणि लिम्फोमाला नेमका तोच भाग आवडतो. कोणती करायची हे सोनोग्राफीत जाडी कुठे दिसली त्यावर ठरतं. भूल देण्याआधी हृदय तपासून घ्या.

बायोप्सी करायची असेल तर स्टेरॉइड सुरू होण्याआधी. नंतर केली तर अहवाल संदिग्ध येतो आणि पैसे वाया जातात. परवडत नसेल, किंवा मांजर इतकं वयस्क आणि अशक्त असेल की भूल द्यावीशी वाटत नाही, तर तसं डॉक्टरांना सरळ सांगा. बायोप्सीशिवाय, बाकीचे आजार वगळून, स्टेरॉइड देऊन बघणं हा मान्य असलेला मार्ग आहे. त्यात कमीपणा नाही, फक्त निदान अर्धवट आहे हे सगळ्यांना ठाऊक असावं. लिम्फोमा निघाला तरी तो या प्रकारचा असेल तर प्रेडनिसोलोनबरोबर क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्यांवर मांजरं दोन वर्षं आणि त्याहूनही जास्त चांगली जगतात. क्लोरॅम्ब्युसिलची गोळी मात्र तोडायची नाही, हातमोजे घालून द्यायची, आणि रक्तपेशींची तपासणी नियमित करायची.

स्टेरॉइड सुरू करताना

डॉक्टर बहुधा किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन रोज, असं दोन ते चार आठवडे देतात. मग दर दोन-चार आठवड्यांनी मात्रा पाव ते निम्म्याने खाली, शेवटी दिवसाआड कमीत कमी जी पुरेल ती. चिठ्ठीवर प्रेडनिसोलोनच आहे ना, हे पाहा. नावात थोडाच फरक असलेलं प्रेडनिसोन मांजराच्या शरीरात नीट लागू पडत नाही. परदेशातून औषधं मागवणाऱ्यांनी हे विशेष जपावं.

चार किलोच्या मांजराला तीन आठवडे ५ मिलिग्रॅम रोज, पुढे तीन आठवडे अडीच रोज, मग वर्षभर अडीच दिवसाआड, असा क्रम धरला तर पूर्ण वर्षात सव्वाशे गोळ्यासुद्धा लागत नाहीत. लहान मुलांचं सिरपही चालतं, पण ते ५ मिलिलिटरमागे ५ मिलिग्रॅम आणि १५ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत येतं. दुकानदाराने बाटली बदलली तर मात्रा तिप्पट होते. प्रत्येक वेळी लेबल वाचा.

गोळी कडू असते. जिभेवर विरघळली की मांजर तोंडातून फेस काढतं आणि घरात रडारड होते. तो फेस कडवटपणाचा, विषाचा नव्हे. रिकाम्या जिलेटिनच्या लहान कॅप्सूलमध्ये तुकडा घालून दिला की हा प्रकार टळतो. मागून सिरिंजने पाच मिलिलिटर पाणी द्या, कारण मांजराच्या अन्ननलिकेत कोरडी गोळी अडकून जखम करू शकते. चिकनच्या तुकड्यात लपवून देऊ नका. अन्नाची परीक्षा त्यात बुडते.

गोळी देणं जमतच नाही, मग मिथाइलप्रेडनिसोलोनचं दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन सुचवलं जातं. एका टोचणीत तीन ते सहा आठवडे. दवाखान्याच्या फीसकट ५०० ते १,००० रुपये. दिसायला सुटसुटीत, पण मात्रा कमी करता येत नाही आणि एकदा दिलं की काढून घेता येत नाही. मधुमेहाचा धोका याने गोळीपेक्षा जास्त, आणि लपलेला हृदयविकार असेल तर मांजर याने अचानक धापा टाकायला लागू शकतं. पर्शियन आणि मेन कून या जातींत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो. अशा मांजराला हे इंजेक्शन देण्याआधी दोन-चार हजारांचा इको करून घेणं योग्य. रस्त्यावरच्या, हाताला न लागणाऱ्या मांजरासाठी हे इंजेक्शन नाइलाजाचं म्हणून समजू शकतं. घरातल्या मांजरासाठी मला ते पटत नाही. दवाखान्यात इंजेक्शन दिलं तर त्याचं नाव आणि मात्रा फाइलवर लिहून मागा. 'ताकदीचं इंजेक्शन' हे उत्तर ऐकून घरी येऊ नका.

तीन गोष्टी टाळायच्या. एक, मांजर बरं दिसतंय म्हणून गोळी एकदम बंद करणं. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं, ते परत सुरू व्हायला वेळ लागतो. दोन, स्टेरॉइडबरोबर मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक. जठरात व्रण होतात. दुसऱ्या दवाखान्यात लंगडण्यासाठी गेलात तर स्टेरॉइड चालू आहे हे आधी सांगा. तीन, तापाची पॅरासिटॅमॉल. ती मांजराला एरवीही विष आहे, स्टेरॉइड असो वा नसो.

याच सुमारास बी-१२चा विषय निघेल. आतड्याचा शेवटचा भाग सुजलेला असला की हे जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि ते कमी असेल तर स्टेरॉइडचाही पूर्ण गुण येत नाही. आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं, मग महिन्याने एक. औषध काही दहा रुपयांचं. टोचण्याची फी १०० ते २०० रुपये. कातडीखाली टोचायचं असतं, ते डॉक्टरांकडून शिकून घेतलं तर फी आणि रिक्षा दोन्ही वाचतात.

पाण्याचं भांडं मोजा

स्टेरॉइडवरचं मांजर जास्त खातं, जास्त पितं, थोडं जाड होतं. तेवढं अपेक्षित आहे. पण पाणी अचानक खूप वाढलं, वाळूचे गोळे दुप्पट झाले आणि वजन उतरू लागलं, तर ते मधुमेहाचं लक्षण आहे. सकाळी मापून पाणी भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. चार किलोचं मांजर दिवसाला २०० मिलिलिटरच्या वर जाऊ लागलं तर डॉक्टरांना फोन करा, ४०० म्हणजे ताबडतोब. हे आठवड्यातून एकदा पुरे. मधुमेह वेळेवर पकडला आणि स्टेरॉइड उतरवता आलं तर काही मांजरांना पुढे इन्शुलिन लागत नाही. उशीर झाला तर इन्शुलिन, सिरिंज, साखरेच्या पट्ट्या असा महिन्याला दीड-दोन हजारांचा नवा खर्च मागे लागतो.

डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी एकदा, आणि रक्ताची तपासणी वर्षातून दोनदा, एवढं धरून चाला. बरोबर लघवीची तपासणीही करा. स्टेरॉइडमुळे जंतुसंसर्ग लपून राहतो, ताप येत नाही आणि मांजर तक्रारही करत नाही. लस देण्याची वेळ आली तर चालू मात्रा सांगून तारीख ठरवा.

वर्षाचा जमाखर्च

औषधी अन्न २४ ते ३६ हजार. डॉक्टरांच्या चार भेटी दोन ते तीन हजार. रक्त-लघवी तीन ते पाच हजार. बी-१२ एक ते दोन हजार. गोळ्या दीडशे रुपये. म्हणजे ३० ते ४६ हजार, पहिल्या वर्षी वर निदानाचे पाच ते दहा हजार, बायोप्सी केली तर ती वेगळी. नेहमीच्या अन्नावरचे सात-आठ हजार वाचतात, ते यातून वजा करायला हरकत नाही.

खर्च कमी करायचा तर अन्नात करता येतो, तपासणीत नाही. मांजर तीन-चार महिने स्थिर राहिलं की डॉक्टरांच्या सल्ल्याने एकेक प्रथिन परत देऊन बघता येतं. नुसते मासेच बाधतात असं निघालं तर चिकनचं चांगलं साधं अन्न चालतं, आणि वर्षाचे पंधरा-वीस हजार वाचतात. हा प्रयोग फार कमी लोक करतात. एकदा बरं वाटलं की कुणाला छेडायचं नसतं.

प्राण्यांचा विमा आजार सुरू झाल्यावर काढून उपयोग नाही, आधीपासूनच्या आजाराला भरपाई मिळत नाही. दुसरं मांजर घरात असेल तर त्याच्यासाठी मात्र विचार करा.

कमी पैशात उपचार हवे असतील तर शिकाऊ रुग्णालयं गाठा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे, आणि त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातल्या शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. फी खाजगीच्या काही अंश, रांग मात्र मोठी. सकाळी लवकर जा, मांजर झाकलेल्या पिंजऱ्यात न्या, शेजारी कुत्री असतात. जुने सगळे अहवाल बरोबर ठेवा, म्हणजे त्याच तपासण्या परत होणार नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी सर्वचिकित्सालयात भर गाई-म्हशींवर असतो, पण रक्त आणि शीच्या तपासणीला तिथे हरकत नाही.

गणपतीला गावी जाताना

स्टेरॉइडवरचं मांजर चार दिवस शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवायचं, तर शेजाऱ्यांना गोळी देता येते का हे आधी बघा. एक दिवस तुमच्यासमोर देऊन दाखवायला सांगा. पेट बोर्डिंगचे दिवसाला ४०० ते ८०० रुपये, औषध देण्याचे काही ठिकाणी वेगळे. बोर्डिंगला गोळ्यांची पट्टी, चिठ्ठीची प्रत, डॉक्टरांचा नंबर आणि दिवसाचं मोजलेलं अन्न वेगवेगळ्या पाकिटांत द्या. पाकिटावर दिवस लिहा, दिवसाआड गोळी असेल तर कोणत्या दिवशी नाही तेही लिहा. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायची नाही, हे ठळक अक्षरांत. दोनदा उलटून गोळी बाहेर पडली, किंवा मांजराने चोवीस तास काही खाल्लं नाही, तर तुम्हाला फोन करायचा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. त्यासाठी दोन-तीन हजार रुपये आगाऊ ठेवून जा, कारण सणाच्या सुट्टीत उघडा असलेला दवाखाना नेहमीच्या दराने घेत नाही.